बुळकांडी, विष आणि महारवाडा

पुणे शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वाडे मोजले, पेठा मोजल्या, पुढाऱ्यांच्या सभा आणि वर्तमानपत्रांच्या फाइली मोजल्या. ९ डिसेंबर १८८९ या तारखेपाशी मात्र त्यांच्यापैकी फार थोडे थांबले. त्या दिवशी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज संगमाजवळ जे अभियांत्रिकी विद्यापीठ आहे त्याच संस्थेत, जनावरांच्या साथींचे मूळ शोधण्यासाठी सरकारने एक प्रयोगशाळा काढली. 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' असे तिचे भारदस्त नाव होते. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे जी भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे तिचा जन्म हा असा पुण्यात झाला. चार वर्षांतच ती पुण्याबाहेर गेली आणि पुणेकरांच्या आठवणीतूनही गेली.

पशुवैद्यकाच्या इतिहासात या प्रयोगशाळेचे स्थान काय, हे त्या विषयाचे अभ्यासक सांगतील. माझा प्रश्न निराळा आहे. गोठ्यातली जनावरे पटापट मरू लागली की 'हे कशाने झाले?' हा प्रश्न गावाला पडतोच. प्रयोगशाळा निघण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर गाव देत नव्हते काय? देत होते. ते उत्तर गावकुसाबाहेर राहत होते. म्हणून रोगनिदानाचा हा इतिहास मला वाचायचा आहे तो आरोपीच्या बाजूने.

आधी रोग कोणता ते पाहू. इंग्रज ज्याला रिंडरपेस्ट म्हणत त्याला आपल्याकडे बुळकांडी म्हणतात. जनावराला सणकून ताप येतो, डोळ्यांतून पाणी आणि मग पू वाहू लागतो, तोंडात फोड येऊन त्यांचे व्रण होतात, मग हगवण लागते. दुर्गंधी, कधी रक्ताची. आठ-दहा दिवसांत जनावर आडवे होते. एका गोठ्यात शिरलेली बुळकांडी शेजारचे गोठे रिकामे करीत जाई. लाळेतून, शेणातून, नाकाच्या स्रावातून, पाणवठ्यावर आणि बाजारात ती पसरे. आज आपल्याला ठाऊक आहे की हा एका विषाणूचा रोग होता आणि तो विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद होता. माणसाला मात्र त्याची बाधा होत नसे. ही शेवटची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडेल.

आता गावगाड्याची रचना पाहू. मेलेले जनावर ओढून नेणे हे महाराचे काम. ते काम हा त्याचा 'हक्क' आहे असे गाव म्हणे. टाळले तर मार बसे, म्हणजे हक्क आणि सक्ती या दोन्ही शब्दांचा अर्थ तिथे एकच होता. कुठे कातडे महाराला मिळे, कुठे ते मालकाला परत करावे लागे. मांस महारवाड्यात जाई, कारण बलुत्याच्या शिळ्या तुकड्यांवर पोट भरत नसे. वतनी महार हाच गावाचा वेसकर, हाच जासूद. जनावर मेल्याची वर्दी द्यायची त्यानेच, ओढून न्यायचे त्यानेच. आणि मग गाव तर्क लढवी: जनावर मेल्याने फायदा कोणाचा? ज्याला मांस मिळाले त्याचा. मग जनावर मारले कोणी?

हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्यात एकच उणीव आहे. मढे उचलणारा हा मृत्यूचे कारण असतो असे जर मानले, तर स्मशानातल्या माणसाला गावातल्या प्रत्येक प्रेताबद्दल फाशी द्यावी लागेल. माणसांच्या बाबतीत हा वेडेपणा कोणी केला नसता. गुराढोरांच्या बाबतीत तो सर्रास केला गेला.

माझे आजोबा महारकीच्या वतनात होते. त्यांच्याकडून ऐकलेली एक हकीकत इथे नोंदवतो. गावाचे नाव देत नाही, कारण ही हकीकत त्या एकाच गावची नाही. साथीत बैल मरू लागले तेव्हा गावाने महारवाड्याचे बलुते थांबवले, दुकानदाराने मीठ-मिरची बंद केली आणि रात्री गोठ्यांवर राखण बसली. राखण बसली तरी बैल मरतच होते. तेव्हा विषाचा आरोप मागे पडला आणि करणीचा पुढे आला. आजोबा म्हणत, विष तरी बरे, ते दिलेच नाही असे शपथेवर सांगता येते. करणी केली नाही हे कसे सांगायचे? शेवटी मरीआईचा गाडा निघाला आणि तो शिवेबाहेर, पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलून आला. गाडा ओढायला पुन्हा महारच होते. रोग घालवायचा त्यांनीच आणि आणल्याचा आळही त्यांच्यावरच.

आजोबांच्या बोलण्यातली दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा महत्त्वाची वाटली. बुळकांडीने मेलेले जनावर आणि फाशीने मेलेले जनावर यांतला फरक त्यांना सुरी लावताच कळे. बुळकांडीच्या जनावराची आतडी आतून सोलल्यासारखी लाल, पट्टे-पट्टे पडलेली आणि पित्ताशय फुगलेले. फाशीच्या जनावराचे रक्त काळे, ते गोठत नाही. प्लीहा फुगून काळी पडलेली. अशा जनावराला जुनी माणसे हात लावू देत नसत, कारण त्याच्या संसर्गाने माणसाला काळपुळी होते आणि माणूस दगावतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकात शवविच्छेदनाची जी लक्षणे छापलेली आहेत, त्यांत आणि या वर्णनात फारसे अंतर नाही. कित्येक पिढ्या रोज जनावरे फाडणाऱ्या या माणसांजवळ रोगांचे ज्ञान होते आणि ते त्यांनी जिवावर उदार होऊन मिळवले होते. गावातल्या मृत्यूचे कारण विचारायचेच होते तर ते त्यांना विचारता आले असते. त्यांना मात्र 'तू मारलेस का?' एवढेच विचारले गेले.

इंग्रज सरकार आल्यावर या संशयाला कायद्याची भाषा मिळाली. १८६० च्या दंडसंहितेत कलम ४२९ ने जनावराला मारणे, विष घालणे, जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. उत्तरेत आझमगडच्या बाजूला १८५० च्या दशकातच चांभार जातीवर जनावरांना विष घातल्याचा संशय घेऊन सरकारने मोठा गदारोळ केला होता. कातड्याचा व्यापार वाढला, म्हणून कातड्यासाठी जनावरे मारणारी एक अख्खी जात आहे, अशी कल्पना अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्की बसली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, तोही याच वातावरणात. जन्माने गुन्हेगार असतो ही कल्पना इंग्रजांनी विलायतेहून आणली असे काही जण म्हणतात. माझ्या मते ती इथे तयारच होती. त्यांनी तिच्यासाठी रजिस्टर उघडले.

जनावरांना विष घातले जातच नव्हते, असा माझा दावा नाही. ते घातले जाई. सोमल बाजारात स्वस्त मिळे. गुंजेच्या बियांचे वाटण करून त्याची वाळवलेली सुई जनावराच्या अंगात टोचण्याची रीत होती, आणि पिवळ्या कण्हेरीच्या बियाही वापरल्या जात. बांधाच्या भांडणात, भाऊबंदकीत, सूड म्हणून आणि कधी कातड्यासाठीही ही कृत्ये झाली आहेत. त्या काळचे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांच्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात हे प्रकार नोंदलेले आहेत. प्रश्न असा की विषाने मेलेले जनावर आणि रोगाने मेलेले जनावर वेगळे ओळखायचे कसे?

विश्लेषकाकडे जनावराच्या पोटातला माल बाटलीत घालून पाठवला जाई. सोमल असेल तर तो सापडे, कारण मार्शची चाचणी १८३६ पासूनच उपलब्ध होती. गुंजेचे विष मात्र त्या काळच्या रसायनशास्त्राला सहजी सापडणारे नव्हते. म्हणजे बाटलीत काही सापडले तर आरोप सिद्ध, आणि काही सापडले नाही तर विष वनस्पतीचे असावे अशी शंका शिल्लक. 'हे जनावर रोगाने मेले' असे खात्रीने सांगणारी एकही चाचणी तेव्हा देशात नव्हती. माणसाला दोषी ठरवण्याचे शास्त्र आधी आले, निर्दोष ठरवण्याचे मागून. मुंबईत विष शोधणारी सरकारी प्रयोगशाळा होती, तिच्यानंतर कितीतरी वर्षांनी रोग शोधणारी प्रयोगशाळा पुण्यात निघाली. हा क्रम मला योगायोग वाटत नाही.

पुण्याची निवड होण्यामागे एक पूर्वपीठिका आहे. लष्करी पशुवैद्यक हॅलन यांनी १८६२ साली पुण्यात लष्करासाठी पशुवैद्यकाची शाळा काढली होती. पुढे याच हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने जनावरांच्या साथींची चौकशी करणारे कमिशन नेमले. त्याचा अहवाल १८७१ साली बाहेर आला. देशभर थैमान घालणारा मुख्य रोग हा युरोपात माहीत असलेला रिंडरपेस्टच आहे हे त्यातून स्पष्ट झाले. विलायतेत १८६५ मध्ये हीच साथ आली तेव्हा १८६६ च्या कायद्याने बाधित जनावरे सक्तीने मारून ती आटोक्यात आणली गेली होती. इथे तो मार्ग धर्मभावनेमुळे बंद. तेव्हा रोग ओळखणे आणि प्रतिबंधक टोचणी शोधणे एवढेच हाती राहिले. तरी अहवालापासून प्रयोगशाळेपर्यंत अठरा वर्षे गेली. मधल्या काळात दख्खनमध्ये १८७६-७८ चा दुष्काळ पडला, आणि जंगल खात्याने गायराने गिळली म्हणून शेतकऱ्याची जनावरे उपाशी मरत असल्याचे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडले. फुल्यांनी जनावरांच्या मरणाचे कारण सरकारी खात्यात शोधले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी महारवाड्याकडे बोट दाखवले नाही.

पुण्याच्या प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचा जंतू शोधायचा, ही त्या पिढीची पद्धत. फाशीचा जंतू असा सापडला होता, क्षयाचा सापडला होता. बुळकांडीचा सापडेना. सापडणार कसा? विषाणू त्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्याइतका मोठाच नसतो. शिवाय असा पसरणारा रोग घेऊन गजबजलेल्या शहराजवळ काम करणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. तिथे थंडी होती आणि वस्ती विरळ होती. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख दक्षिण आफ्रिकेहून प्लेगच्या तपासासाठी मुंबईत आले, तेव्हा मुक्तेश्वरलाही जाऊन आले. आफ्रिकेत त्यांनी बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचून प्रतिकारशक्ती आणण्याचा उपाय काढला होता. फुगलेले पित्ताशय! आमच्या माणसांनी ते हजारदा हातात धरले होते.

पुढच्या पाच वर्षांत कोडे सुटले. १८९८ मध्ये जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी लाळ-खुरकुतीचा स्राव अतिशय बारीक गाळणीतून गाळला. जंतू अडकून राहतात अशी ती गाळणी. तरी गाळलेल्या पाण्याने रोग झाला. जनावरांच्या विषाणूचा हा पहिला पुरावा. १९०२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला निकोल आणि आदिल बे यांनी बुळकांडीबद्दल हेच सिद्ध केले. आता 'कशाने?' याला उत्तर मिळाले होते. पण संशयित जनावराला बुळकांडीच आहे हे ठरवायचे कसे? त्याचे रक्त दोन वासरांना टोचायचे: एक आधीच बुळकांडीतून उठलेले, दुसरे कोरे. कोरे वासरू आजारी पडले आणि उठलेले ठणठणीत राहिले तर बुळकांडी. ही परीक्षा खर्चिक आणि क्रूर होती. गावपातळीवर ती कोण करणार? म्हणून गावातले निदान पूर्वीसारखेच चालू राहिले, पाटलाच्या ओसरीवर.

इकडे कायदा कुठे चालला होता ते पाहा. विषाणूचा पुरावा १९०२ मध्ये मिळाला आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात विषांचा पहिला अखिल भारतीय कायदा आला. त्याची जागा घेणाऱ्या १९१९ च्या कायद्यात चौथे कलम आहे. ज्या भागात खून किंवा जनावरांना विष घालणे यांसाठी एखादे विष वारंवार वापरले जाते असे सरकारला वाटेल, त्या भागात ते विष जवळ बाळगण्यावर बंधन घालता येईल, असे ते कलम सांगते. सोमल विकण्यावर नियंत्रण आले हे चांगलेच झाले. पण एक शास्त्र 'रोग विषाणूने होतो' म्हणत असताना दुसऱ्या खात्याच्या कागदावर जनावराचा मृत्यू हा अजून माणसाच्या गुन्ह्याचा विषय होता. या दोन खात्यांनी एकमेकांचे कागद वाचले असतील काय?

मुक्तेश्वरचे निष्कर्ष अहवालांत छापले गेले, ते इंग्रजीत होते आणि पशुपालकांच्या नुकसानीच्या भाषेत होते. जनावर कोणाच्या मालकीचे, किती रुपयांचे, कोणत्या जिल्ह्यातले, हे सारे त्यांत आहे. 'ज्यांच्यावर आजवर आळ आला ते निर्दोष आहेत' असे एखादे वाक्य त्यांत असावे अशी अपेक्षाच कोणी केली नव्हती. शास्त्राने महारवाड्याला सोडवले खरे, पण सुटकेचा हुकूम महारवाड्यापर्यंत कोणी आणून दिला नाही.

तो पुरावा महारवाड्याने स्वतःच निर्माण केला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. गावोगाव लोकांनी ढोरे ओढणे बंद केले. त्याबद्दल बहिष्कार सोसले, मार खाल्ला. याला आपण स्वाभिमानाचा लढा म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मला त्यात एक प्रयोगही दिसतो, लिंगार्डच्या प्रयोगापेक्षा मोठा. गावाचा तर्क होता, मांसासाठी महार जनावरे मारतो. महाराने मांस सोडले. आता जनावरे मरणे थांबायला हवे होते. साथी थांबल्या नाहीत. तर्काचा पायाच ढासळला. पण हरलेला पक्ष हार मान्य करील तर ना! आता तक्रार अशी निघाली की महार ढोरे ओढत नाहीत म्हणून गावात दुर्गंधी आणि रोगराई पसरते. ओढले तरी दोषी, नाही ओढले तरी दोषी. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी 'केसरी'तल्या अशाच एका हिशोबाचा समाचार घेतला. कातडे, शिंगे, खुरे, हाडे यांचे वार्षिक उत्पन्न महार गमावतात, असा तो हिशोब होता. एवढा फायद्याचा धंदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, असा त्यांचा सवाल होता. या हिशोबात काळपुळीने मेलेल्या माणसांचा रकाना नव्हता, हे मी माझ्या वतीने जोडतो. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली आणि महारकीची कायदेशीर सक्ती संपली.

बुळकांडी मात्र १९५८ मध्ये संपली नव्हती. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात शेळ्यांमधून विषाणू पुन्हा पुन्हा नेऊन त्याचा जोर कमी केला आणि टिकाऊ लस बनवली. १९५४ मध्ये देशव्यापी निर्मूलनाचे काम सुरू झाले. ही लस देशी गाईबैलांना मानवली, विलायती रक्ताच्या जनावरांना ती जड जाई. पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९६७ मध्ये उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 'बाएफ'ची स्थापना केली आणि संकरित गाईंचा प्रसार झाला. होल्स्टीन, जर्सीचे रक्त असलेल्या गाई गोठ्यागोठ्यात आल्या, त्यांच्यासाठी सौम्य लस हवी होती. वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात पेशीसंवर्धनावर तयार केलेली लस ती गरज भागवू शकली.

शेवटचा टप्पा लसीने नव्हे तर निदानाने जिंकला गेला, आणि तो मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. रोग दिसेनासा झाला म्हणजे संपला असे नाही. एखाद्या दूरच्या कळपात तो दबा धरून असू शकतो. म्हणून लसीकरण थांबवले गेले आणि जनावरांचे रक्त तपासणे सुरू झाले. शरीरात विषाणू येऊन गेला की रक्तजलात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि एलायझा नावाच्या चाचणीत रंगाच्या फरकाने ती ओळखता येतात. लस बंद झाल्यावर जन्मलेल्या वासराच्या रक्तात अशी प्रतिपिंडे सापडली तर त्याचा अर्थ एकच: विषाणू अजून इथे फिरतो आहे. गावोगाव, वाडीवस्तीवर नमुने घेतले गेले. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, पश्चिम भारतासाठीची प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळाही तिथेच आहे. १८९३ मध्ये पुणे सोडून गेलेले काम असे पुण्यात परत आले. देशातला बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ चा. २००६ मध्ये भारत या रोगापासून मुक्त झाल्याचे जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केले आणि २०११ मध्ये सारे जग मुक्त झाल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. महारवाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा आळ होता तो खरा आरोपी पकडला गेला आणि संपवलाही गेला. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांनी ती बातमी वाचली?

दुधाच्या धंद्यातल्या आजच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. लाळ-खुरकुतीत आता अशी चाचणी आहे की लस दिलेल्या जनावराच्या रक्तातली खूण वेगळी आणि खरा रोग होऊन गेलेल्याची वेगळी. गाई गाभडण्याला कारण होणाऱ्या आयबीआर या विषाणूरोगाची प्रतिपिंडे दुधातही उतरतात, त्यामुळे कळपाच्या एकत्र दुधाच्या नमुन्यावरूनही अंदाज करता येतो. वीर्य केंद्रातल्या वळूंचीही या रोगासाठी तपासणी करतात. पूर्वी गाय गाभडली की कोणाची नजर लागली याचा शोध घेतला जाई, त्या जागी आता नळी आणि नमुना आला आहे. इतका फरक पडला आहे आणि तो मी मान्य करतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावकडून लम्पीची साथ महाराष्ट्रभर पसरली. अंगभर गाठी, ताप, दूध आटणे. हजारो गाईबैल मेले. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणारा हा विषाणू, माणसाला होत नाही. खपल्यांच्या नमुन्यांवरून पीसीआर तपासणीने त्याचे निदान झाले. त्या वर्षअखेर लम्पीच्या देशी लसीचे तंत्र औंधच्याच पशुजैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार झाला. बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. 'दूध पिऊ नका' अशा अफवा उठल्या, पण या वेळी विष घातल्याचा आळ कोणावर आल्याचे मी ऐकले नाही. मालकाला मदत मिळाली, दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. मृत जनावर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, असा आदेश होता. खड्ड्यापर्यंत ते नेले कोणी? यंत्राने खड्डा खणला तरी जनावराच्या पायाला दोर बांधायला माणूस लागतो. तो माणूस कोणत्या वस्तीतून बोलावला गेला याची नोंद शासनाने ठेवलेली नाही, आपण ठेवायला हवी होती.

आणि संशय गेला आहे असे समजू नये. त्याने विषय बदलला आहे. १५ ऑक्टोबर २००२ ला हरियाणात दुलिना चौकीजवळ पाच दलितांना जमावाने ठार केले. ते मेलेल्या गाईचे कातडे काढत होते. ती गाय आधीच मेलेली होती काय हे ठरवण्यासाठी गाईचे शवविच्छेदन झाले. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना येथे तेच काम करणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा विस्तारलेला कायदा आहे. त्यात निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम होते, ते मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, मांस कोणत्या जनावराचे हे अर्ध्या तासात सांगणारे संच पोलिसांना देण्याची घोषणा राज्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने केली. त्या संचातली पद्धत कोणती? एलायझाच. ज्या चाचणीने बुळकांडीला शेवटच्या गोठ्यापर्यंत हुडकून काढले, तीच आता माणसाच्या डब्यातल्या मांसावर चालवायची.

विद्यार्थ्यांसाठी इथे एक काम शिल्लक आहे. मुंबई सरकारच्या रासायनिक विश्लेषकाचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत, त्यांत जनावरांच्या विषबाधेच्या तपासण्यांचे आकडे येतात. मुंबई इलाख्याच्या पशुवैद्यक खात्याचे वार्षिक अहवालही छापलेले आहेत, त्यांत कोणत्या जिल्ह्यात कोणत्या रोगाने किती जनावरे मेली ते दिलेले असते. हे दोन अहवाल कोणीतरी जिल्हावार, वर्षवार शेजारी शेजारी मांडावेत. पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढे चार जिल्हे घेतले तरी पुरे. बुळकांडीच्या वर्षी विषाचे खटले वाढतात का, आणि वाढत असतील तर बाटलीत सोमल सापडलेले किती आणि न सापडताही शिक्षा झालेले किती, ते पाहावे. त्यानंतर पुराभिलेखागारात जाऊन त्या आरोपींची गावे शोधावीत.